केवढी होती ती माणसं?

कोकणातल्या कशेळीच्या सड्यावर सकाळी सातलाच खराटे घेऊन पोचलो. कातळात खोदलेल्या जुन्या चित्रांच्या रेघा तिरप्या उन्हातच दिसतात. दहानंतर जांभा नुसता काळा पडून राहतो. वाळकं गवत उपटायचं, खाचांतली माती बोटांनी काढायची, मग खराटा. लोखंड लावायचं नाही. खोदलेल्या हत्तीची पाठ मोकळी झाली तसा टेपचं टोक धरून चालत सुटलो: सुमारे १८ मीटर. पोटात मासे, लहानमोठी जनावरं.

"एवढं खोदणारी माणसं केवढी असतील हो?" बरोबरच्या काकांनी विचारलं. आडरानात जुनं काही दिसलं की ते पांडवांचं. त्यांना भीमाच्या मापाचं उत्तर हवं होतं.

माप सांगायला हाड लागतं, आणि सड्यावर हाड नाही. जांभ्याची आंबट माती आणि कोकणचा पाऊस, त्यात ते टिकणार कसं? काकांना मी इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाची गोष्ट सांगितली. २००३ मध्ये तिथल्या लिआंग बुआ गुहेत जेमतेम साडेतीन फुटी बाईचा सांगाडा निघाला. मेंदू आपल्या तिसऱ्या हिश्शाएवढा. नवी मानवजात म्हणावी की आजारी माणूस, यावर वर्षानुवर्षं भांडण. मनगटाच्या हाडांनी पारडं नव्या जातीकडे झुकवलं. तिचं वय आधी १८ हजार वर्षं धरलं होतं. मातीचे थर पुन्हा वाचल्यावर २०१६ मध्ये ते साठ हजारांपलीकडे गेलं.

आपल्याकडे नर्मदाकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये अरुण सोनकियांना कवटी सापडली. तिथल्याच एका कॉलरबोनवरून अनेक राम संख्यान यांनी बुटक्या माणसाचा दावा मांडला. एका हाडावर माणूस उभा करणं मला धाडसाचं वाटतं. पण निदान हाड तरी आहे!

इथे वाचायला थरही नाहीत, उघडा कातळ. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पालथे घालून ही चित्रं उजेडात आणली, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तरी काळाचा वाद चालूच. पुराव्याला आहेत ती जनावरंच: आज कोकणात नसलेला गेंडा, पाणघोडा.

"म्हणजे बुटकेही असतील," काका म्हणाले. ते उकिडवे बसले आणि हत्तीच्या पायाच्या खाचेत त्यांनी तळवा घातला. बरोबर बसला. त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.