कोण म्हणते? कशावरून? केव्हाचे?

जिंतूर हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. गावाजवळच्या नेमगिरीच्या टेकडीत जैन लेणी आहेत. त्यांतली पार्श्वनाथाची मूर्ती प्रसिद्ध आहे. एवढ्या मोठ्या दगडी मूर्तीचा सगळा भार एका लहानशा दगडावर आहे, असे तिथे सांगितले जाते. भाविक तिला 'अंतरिक्ष पार्श्वनाथ' म्हणतात.

आता समजा, जिंतूरच्या एखाद्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी मराठी विकिपीडियावर या लेण्यांविषयी लिहायला घेतले. एकाने लिहिले, 'नेमगिरीची मूर्ती हवेत तरंगते. हा जगातील एकमेव चमत्कार आहे.' दुसऱ्याने ते खोडून लिहिले, 'मूर्ती तरंगते ही लोकांची अंधश्रद्धा आहे.' पहिल्याने पुन्हा आपले वाक्य आणले. तासाभरात हे पाच-सहा वेळा झाले. शिक्षक म्हणून आपण काय सांगू?

'दोघांचेही थोडे थोडे घ्या' असे सांगून भागणार नाही. 'मूर्ती थोडीशी तरंगते' हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचे नाही! तटस्थपणा म्हणजे दोन मतांची सरासरी नव्हे. मग तो काय असतो?

संपादक कोण?

मराठीला कोशांची परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले; त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. या कोशांत लेख आधी तपासला जाई, मग छापला जाई.

विकिपीडियात हा क्रम उलटा आहे. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी १ मे २००३ रोजी. इथे लिहिलेले बहुधा लगेच दिसते. तपासणी नंतर होते, तीही वाचकांपैकीच कुणीतरी करतो. मराठीत असे तपासणारे थोडे आहेत. त्यामुळे एखाद्या लहान गावाविषयीची चूक वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. तिथून ती शाळेच्या प्रकल्पात, वर्तमानपत्रात आणि पुढच्या पुस्तकात जाते. म्हणूनच लिहिणाऱ्याने आपला पहिला तपासनीस स्वतःच व्हायला हवे.

तीन प्रश्न

प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, कोण म्हणते? नेमगिरीचे वाक्य असे करून पाहू : 'भाविक या मूर्तीला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. तिचा भार एका लहान दगडावर आहे, असे अमुक पुस्तकात म्हटले आहे.' आता भाविकाला यात खोटे काही सापडणार नाही आणि शंका घेणाऱ्यालाही सापडणार नाही. श्रद्धा आहे ही वस्तुस्थिती नोंदली गेली. ती खरी की खोटी, हा निकाल मात्र आपण दिला नाही.

नावांचेही असेच असते. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात केलेल्या कारवाईला सरकारी भाषेत 'पोलीस ॲक्शन' म्हटले गेले. मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा 'मुक्तिसंग्राम दिन' म्हणून साजरा होतो. कोणते नाव कोण वापरते, हे सांगितले की वाचकाला दोन्ही कळतात.

दुसरा प्रश्न, कशावरून? 'पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण भव्य आहे' या वाक्यातून काय कळते? 'भव्य' हे माप नव्हे. त्याऐवजी भिंतीची उंची आणि लांबी, जलाशयात मावणारे पाणी आणि वीजनिर्मितीची क्षमता द्यावी, आणि प्रत्येक आकडा कुठून घेतला ते लिहावे. पाहणाऱ्याला भव्यता आपोआप जाणवेल. 'पहिले', 'सर्वांत मोठे', 'एकमेव' या शब्दांपाशी तर हमखास थांबावे.

तिसरा प्रश्न, केव्हाचे? जुन्या पुस्तकात 'सिद्धेश्वर धरण, जिल्हा परभणी' असे सापडेल. पुस्तक चुकलेले नाही. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ते धरण त्या जिल्ह्यात गेले. लोकसंख्येचेही तसेच, जनगणनेचे वर्ष सोबत नसेल तर तो आकडा निरुपयोगी.

तटस्थपणा म्हणजे सगळ्या मतांना सारखी जागा देणे, असाही एक गैरसमज आहे. पृथ्वी सपाट आहे असे मानणारे आजही आहेत. म्हणून भूगोलाच्या लेखात अर्धे पान त्यांना देत नाहीत. ज्या मताला जेवढा आधार, तेवढी त्याला जागा.

स्वतः पाहिलेले का चालत नाही?

इथे विज्ञानाच्या शिक्षकाला अडखळायला होईल. समजा, मुलांनी नेमगिरीला जाऊन निरीक्षण केले. वस्तूच्या गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा पायाच्या आत पडली तर वस्तू तोल सांभाळते, हे त्यांना ठाऊक आहे. त्यावरून त्यांनी मूर्तीच्या तोलाचे स्पष्टीकरण मांडले. ते विकिपीडियावर लिहावे का?

नाही. स्पष्टीकरण कदाचित बरोबर असेल, पण दूरच्या वाचकाला ते पडताळून पाहायचा मार्ग नाही. विकिपीडिया नवे संशोधन जाहीर करण्याची जागा नव्हे. आधी प्रसिद्ध झालेले ज्ञान नीट मांडण्याची आहे. मुलांचे निरीक्षण वाया मात्र जाऊ नये. ते मोजमापांसह शाळेच्या हस्तलिखितात लिहावे, जाणकाराला दाखवावे, एखाद्या नियतकालिकाकडे पाठवावे. परवानगी घेऊन स्वतः काढलेले छायाचित्र मात्र विकिपीडियाच्या चित्रसंग्रहात देता येते. आणि हो, पाठ्यपुस्तकातले उतारे जसेच्या तसे उतरवू नयेत. वाचून, समजून, स्वतःच्या शब्दांत लिहावे.

भांडण झाले तर?

प्रत्येक लेखाला एक चर्चापान असते आणि एक इतिहास असतो. कुणी, केव्हा, काय बदलले हे इतिहासात दिसते; खोडलेले वाक्यही तिथे सापडते. म्हणून दुसऱ्याचे वाक्य पटले नाही तर पुन्हा पुन्हा खोडत बसू नये. चर्चापानावर कारण लिहावे. टीका वाक्यावर करावी, लिहिणाऱ्यावर नव्हे. संदर्भ नसेल तर 'संदर्भ हवा' अशी खूण करता येते. खोडण्यापूर्वी संदर्भ आपणच शोधून पाहणे त्याहून चांगले.

सरावासाठी मराठी विकिपीडियावर 'धूळपाटी' आहे. पूर्वी पाटीवर धूळ पसरून मुले बोटाने अक्षरे गिरवत आणि चुकले की पुसून टाकत. त्यावरूनच हे नाव पडले आहे.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक नसला तरी चालेल. फळ्यावर आपल्या गावाविषयी दहा वाक्ये मुलांकडून लिहून घ्या. 'जिंतूरचे जुने नाव जैनपूर होते' असे एखादे वाक्य येईलच. मग प्रत्येकाला तीन प्रश्न लावा. ज्यांना उत्तर मिळाले नाही ती वाक्ये पुसू नका. त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढा आणि गटागटाने ग्रंथालयात, नगरपरिषदेत, जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये शोध घ्यायला लावा. दोन आठवड्यांनी पुन्हा फळ्यापाशी या.

दहांपैकी चार वाक्ये टिकली तरी पुष्कळ झाली. ती चार आपण निर्धास्तपणे कुणालाही वाचायला देऊ शकतो. उरलेल्या सहांपुढचे प्रश्नचिन्ह मुलांना स्वतःहून काढावेसे वाटले, तर आपला तास कारणी लागला.