थंडीत राखणदाराची राखण

पौष महिन्यातली रात्र. आपण घोंगडी अंगावर ओढतो, दार लावतो आणि निजतो. बाहेर कुत्रा भुंकतो. आपण मनाशी म्हणतो, "कुत्रा जागा आहे, काळजी नाही." पण तो कुत्रा कुठे निजतो, कशावर निजतो, हे आपण कधी पाहिले का?

पुष्कळ लोक म्हणतात, "कुत्र्याला देवाने केस दिलेत. त्याला कसली आलीय थंडी?" मीही तसेच म्हणत असे. त्याची शिक्षा मात्र मुक्या जिवांना मिळाली.

माझे घर निफाड तालुक्यात मळ्यावर आहे. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो. आमची चंपी कुत्री मार्गशीर्षात व्याली. चार पिल्ले झाली. मी ओसरीच्या फरशीवर एक रिकामे पोते टाकले आणि काम झाले असे समजलो. त्या दिवशी ओसरी धुतली होती. पोते खालून भिजले, ते मी पाहिले नाही. पहाटे उठून बघतो तर दोन पिल्ले ताठ झालेली. चंपी त्यांना चाटतच होती. शाळेत मी मुलांना भूतदयेचे धडे शिकवले आणि माझ्याच ओसरीवर हे घडले.

नंतर पशुवैद्य डॉक्टरांनी मला कारण समजावून सांगितले. ते तुम्हीही समजून घ्या.

कुत्र्याच्या केसांमध्ये हवा अडकून राहते. ती हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपली गोधडीही असेच काम करते. पण केस भिजले की ती हवा निघून जाते आणि ऊबही जाते. दगडाची किंवा सिमेंटची फरशी तर अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून थंडीत कुत्र्याचे खरे वैरी तीन. ओल, वारा आणि गार जमीन.

सगळ्याच कुत्र्यांना थंडी सारखी वाजत नाही. दाट केसांचा कुत्रा ती पुष्कळ सोसतो. कारवानी कुत्र्याचे केस आखूड आणि अंग सडपातळ असते. त्याला ती लवकर बाधते. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडतात. सर्वांत जास्त जपावे लागते ते पिल्लांना. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. आईची ऊब हाच त्याचा आधार. आपल्याकडे गावातल्या कुत्र्या भाद्रपदाच्या सुमारास माजावर येतात आणि सुमारे ६३ दिवसांनी वितात. म्हणजे पुष्कळ पिल्ले थंडीच्या तोंडावरच जन्माला येतात.

मग काय करावे? फार खर्च नाही.

चार विटांवर एक फळी ठेवा. फळीवर गोणपाटात भाताचा पेंढा किंवा वाळले गवत भरून घाला. तिन्ही बाजूंनी आडोसा करा आणि वारा येतो त्या बाजूला पाठ करा. जागा फार मोठी नको. कुत्र्याला अंग मुडपून निजता आले म्हणजे पुरे. लहान जागा त्याच्याच उबेने गरम होते. गोणपाट आठ दिवसांनी उन्हात वाळवा आणि पेंढा बदला. त्याने पिसवा आणि गोचिडांनाही आळा बसतो.

थंडीत अंग गरम ठेवायला अन्न जास्त लागते. म्हणून बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला या दिवसांत अर्धी-एक भाकरी जास्त घाला. कोमट पाण्यात कुस्करून दिली तर उत्तम. पाणीही रोज ताजे द्या. तहान थंडीतही लागतेच. आंघोळ घालायची तर भर दुपारी घाला आणि अंग पुसून उन्हात बसवा.

पिल्लू गार पडले तर लगेच दूध पाजू नका. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ते कापडात गुंडाळून आपल्या पोटाशी धरा. हळूहळू ऊब आली, ते हालचाल करू लागले, की मग आईजवळ सोडा. चुलीजवळ एकदम ठेवू नका. भाजण्याची भीती असते.

आता काही धोके सांगतो.

कुत्री उबेसाठी ट्रॅक्टरखाली, गाडीखाली निजतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून पाहा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या विषारी वायूने कुत्राच काय, माणसेही झोपेतच दगावतात. खरूज झाली म्हणून जळके ऑइल फासू नका. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जाते. माणसाच्या तापाची, अंगदुखीची गोळीही देऊ नका. कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा गरमच असते. १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट ही त्याची नेहमीची उष्णता. थंडी सरताना आमच्याकडे द्राक्षे तयार होतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला घालू नका. त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

ज्या भागात उसात बिबट्या असतो, तिथे रात्री कुत्रा बाहेर साखळीने बांधणे म्हणजे त्याला बिबट्याच्या तोंडी देणे. बांधलेला कुत्रा पळणार कुठे? त्याला रात्री पक्क्या दाराच्या आत घ्या.

ही नुसती दयेची गोष्ट नाही. कायदाही आहे. १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणाऱ्या कायद्याप्रमाणे, पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. फार आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणे हाही गुन्हाच.

चंपीची उरलेली दोन पिल्ले पेंढ्याच्या गादीवर वाढली. तीन महिन्यांची झाल्यावर त्यांना पिसाळण्याच्या रोगाची लस टोचून आणली. त्यातले एक आज माझ्या दारात राखण करते.

मंडळी, आज रात्री निजण्यापूर्वी कंदील किंवा बॅटरी घेऊन एकदा बाहेर जा. आपल्या कुत्र्याच्या निजण्याच्या जागी हात लावून पाहा. ती गार किंवा ओली लागली, तर एक कोरडे पोते आणि चार मुठी पेंढा आजच घाला. उद्यावर टाकू नका. मी टाकले नसते, तर चारही पिल्ले जगली असती.