खिशातले पिस्तूल आणि जिवाचा भरवसा

आत्मसंरक्षणासाठी खिशात मावेल आणि वेळेला दगा देणार नाही असे एखादे लहान पिस्तूल बाळगावे काय, आणि बाळगायचे तर कोणते, असा प्रश्न हल्ली आपल्या वस्त्यांतील तरुण उघडपणे विचारू लागले आहेत. कोणी पूर्णा-राहनाळच्या गोदामात रात्रपाळीला रोकड सांभाळतो, कोणी गावाकडच्या जमिनीच्या वादात साक्षीदार आहे, कोणाला लग्नाच्या कारणावरून धमक्या येतात. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या दारावर रात्री दगड पडतात, त्याला शांततेचा उपदेश करून झोप लागत नाही. म्हणून या विषयाचा कायदा, यंत्र आणि खर्च या तिन्ही बाजूंनी नीट हिशेब मांडावा, असे आम्हाला वाटते.

आमच्या माहितीतील एका तरुणाला नाक्यावरच्या कोणीतरी सांगितले, "परवान्याच्या भानगडीत कशाला पडतोस? काही हजारांत गावठी कट्टा मिळतो." तरुण पैसे जमवण्याच्या तयारीत होता. त्याच्यासारख्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा.

कट्टा म्हणजे स्वतःवरच रोखलेली नळी

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक, पिस्तूल किंवा काडतूस जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवली. विनापरवाना शस्त्र सापडल्यास किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे कैद आणि दंड. "मी फक्त स्वतःच्या रक्षणासाठी ठेवले होते" हा बचाव त्या कलमापुढे टिकत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तोच आरोपी होतो, आणि धमकी देणारा साळसूदपणे फिर्यादी होतो. आपल्या समाजाने हे अनेक प्रकारे भोगले आहे. समोरच्याच्या हातात आयते कोलीत देण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट यंत्राची. काडतूस फुटते तेव्हा नळीत प्रचंड दाब तयार होतो. कारखान्यातले शस्त्र विशिष्ट पोलादाचे असते आणि विक्रीपूर्वी जादा दाबाचे काडतूस उडवून त्याची चाचणी होते. कट्ट्याची नळी कसल्या पाइपातून कापली आहे, हे कोणी सांगू शकत नाही. ती फाटली तर पहिली बोटे जातात ती चाप ओढणाऱ्याची. ज्याचा भरवसा नाही ते शस्त्र स्वस्त असले तरी महागच.

कायद्याने काय मिळू शकते?

परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. अर्ज आता ऑनलाइन भरावा लागतो. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देणारा अधिकारी पोलिस आयुक्त असतो, हद्दीबाहेर जिल्हादंडाधिकारी. भिवंडी शहर ठाणे पोलिस आयुक्तालयात येते. तालुक्यातील ग्रामीण भागाच्या रहिवाशांनी आपले पोलिस ठाणे कोणत्या हद्दीत आहे हे आधी पाहावे, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. पोलिसांचा अहवाल मागवला जातो. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते.

"आपण झोपडीत राहतो, आपल्याला कोण परवाना देणार?" असे म्हणून पुष्कळजण अर्जच करीत नाहीत. शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील आहे. तेव्हा तोंडी नकार ऐकून घरी येऊ नये. लेखी आदेश मागावा आणि अपील कोणाकडे व किती मुदतीत करायचे हेही विचारून घ्यावे.

आपल्या कामाचा एक नियम

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. नुकसानभरपाईचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, पण नियम ३ फारसा कोणी वाचत नाही. अत्याचार होण्याआधीच सरकारने काय करायचे, हे त्यात सांगितले आहे. अत्याचारप्रवण भाग ओळखायचे, गरज असेल तिथे अनुसूचित जाती-जमातींच्या नसलेल्या व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करायचे, बेकायदा शस्त्रे जप्त करायची. आणि जीवित व मालमत्तेच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्रपरवाने द्यायचे. हे कोणाचे भाषण नाही, भारत सरकारचा नियम आहे.

मात्र त्यातील "आवश्यक वाटल्यास" हे शब्द विसरू नयेत. हा आपोआप मिळणारा हक्क नाही. गरज कागदावर सिद्ध करावी लागते. धमकीची तक्रार, गुन्ह्याची नोंद, साक्षीदार असल्याचा पुरावा, पोलिसांना दिलेल्या अर्जाची पोच, हे सारे जोडून त्यात नियम ३ चा उल्लेख करावा. बौद्धांना हा कायदा लागू नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नये. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन त्या जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश झाला आहे. जातीचा दाखला अर्जासोबत लावावा.

कोणते शस्त्र?

समजा, परवाना मिळाला. मोबाइलवर अमेरिकेतील तळहाताएवढी पिस्तुले पाहून जी स्वप्ने पडतात, ती आधी बाजूला ठेवावीत. सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र आयात करण्यास १९८० च्या दशकापासून बंदी आहे. सैन्य-पोलिसांचे ९ मिलिमीटरसारखे बोअर निषिद्ध आहेत. आपल्यासाठी उरते ते मुख्यतः .३२ आणि .२२ बोअर.

सरकारी आयुध कारखान्यांचा .३२ चा रिव्हॉल्व्हर जुना आणि सर्वांच्या परिचयाचा. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' हा स्त्रियांसाठी म्हणून हलका .३२ रिव्हॉल्व्हर आणला. वजन सुमारे ५०० ग्रॅम, गोळ्या सहा, त्या वेळची किंमत १,२२,३६० रुपये. इशापूरच्या रायफल कारखान्याने .२२ चा 'निडर' काढला, वजन सुमारे २५० ग्रॅम. पिस्तुलांत .३२ चे 'अशनी' आहे. २०२१ साली आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. त्यांतील कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये चक्री बाजूला उघडणारा 'प्रबळ' रिव्हॉल्व्हर आणला. खाजगी क्षेत्रात वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी नावाचे उत्पादन २०२० पासून उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात सुरू झाले.

आता भरवशाचा मुद्दा. पिस्तूल चपटे असते, खिशात दिसत नाही. पण त्याच्या मुठीतील मॅगझिनची स्प्रिंग, वरची सरकती स्लाईड आणि काडतूस या तिघांचे जमले तरच दुसरी गोळी येते. स्प्रिंग मंद झाली, रिकामी पुंगळी अडकली, मूठ सैल धरली, तर पिस्तूल बंद पडते. मग दोन्ही हात वापरून स्लाईड ओढावी लागते. अंगावर माणूस आला असताना हे घाबरलेल्या हातांना जमत नाही. रिव्हॉल्व्हरची चक्री जाड असते, खिशात फुगवटा दिसतो. पण एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते. ज्याला रोज सराव करणे परवडणार नाही, त्याने रिव्हॉल्व्हरच पाहावा, असे आमचे मत आहे.

हलके शस्त्र बाळगायला सोपे, पण उडवायला अवघड. वजन कमी तेवढा धक्का जास्त, नळी आखूड तेवढा नेम अवघड. .२२ ला धक्का कमी असतो, पण त्याच्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला कडेच्या घडीत असल्याने ते फुसके निघण्याचे प्रमाण मधोमध टोपी असलेल्या काडतुसापेक्षा जास्त असते. म्हणून जिवाच्या भरवशासाठी .३२ बरा.

विकत घेताना कागद आणि शस्त्रावरचा क्रमांक जुळवून पाहावा. चक्री प्रत्येक घरात घट्ट थांबते का, चाप सारखा लागतो का, हे विक्रेत्यासमोर रिकाम्या शस्त्रावर तपासावे. नंतर मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्रावर जेवढी काडतुसे परवान्यात आणि पैशात बसतील तेवढी उडवून पाहावीत. न उडवलेल्या शस्त्रावर जीव टाकू नये.

आणि हे आपले भिवंडी आहे. मागाच्या खात्यात काम करणाऱ्याच्या खिशात संध्याकाळी सुताचा तूस निघतो. पावसाळ्यात घामाने आणि दमट हवेने पोलाद गंजते. खिशात ठेवलेले शस्त्र आठवड्याला पुसून हलके तेल लावावे लागते; तेल जास्त झाले तर तोच तूस चिकटून चिखल होतो. त्या खिशात किल्ल्या, चिल्लर, तंबाखूची पुडी काही नको. चाप झाकला जाईल असे चामडी आवरण हवेच. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसारही सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल आवरणात आणि पूर्ण झाकलेले पाहिजे. ते परजून दाखवणे गुन्हा आहे. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

हिशेब

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणजे लाखाच्या मालावर चाळीस हजार नुसता कर. त्यावर काडतुसे, प्रशिक्षण, लोखंडी तिजोरी, पाच वर्षांनी नूतनीकरण. निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. म्हणजे गावात वातावरण तापते नेमके त्याच दिवसांत शस्त्र ठाण्यात पडून राहण्याची शक्यता. मागावर उभे राहणाऱ्याची कित्येक महिन्यांची कमाई यात जाते. मुलीचे कॉलेज थांबवून हा खर्च करायचा का, हे घरात सर्वांनी, विशेषतः स्त्रियांनी, बसून ठरवावे.

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात. तिथे शस्त्र ठेवायचे कुठे? गादीखाली ठेवले तर मुलाच्या हाती लागते, कुलपात ठेवले तर वेळेला हाती येत नाही. घरात दारू असेल, भांडण असेल, कोणी निराश असेल, तर शस्त्र आणूच नये. १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, बंदूक असलेल्या घरात घरातल्याच माणसाची हत्या होण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट आढळला होता. मारणारा बहुधा कुटुंबातला किंवा ओळखीचाच निघाला.

सहा गोळ्यांच्या पलीकडे

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना जमावाने ठार केले. जमावापुढे सहा गोळ्या किती वेळ पुरणार? एकट्या हल्लेखोरापुढे शस्त्राचा उपयोग होईल. सगळा गाव उलटला तर वेळेवर येणारा पोलिस आणि धावून येणारा शेजारीच लागतो. आमच्या भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या. पुढे १९८८ पासून पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. मोहल्ल्यातले हिंदू, मुसलमान, पोलिस एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ते काम कोणाच्या खिशातल्या पिस्तुलाने झाले नाही.

म्हणून ज्याला खरा धोका आहे त्याने पुढील क्रम धरावा. धमकी आली की तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवावेत. पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. अत्याचाराचा गुन्हा नोंदवायला आधी प्राथमिक चौकशी लागत नाही, आणि गुन्ह्याच्या नोंदीची प्रत फुकट मिळते. साक्षीदाराने कायद्याच्या कलम १५-अ खाली संरक्षण मागावे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम ४ आहे. तातडीला ११२, अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६. एकट्याने जाऊ नये, चार माणसे सोबत घ्यावीत. एवढे करूनही धोका टळत नसेल, तर नियम ३ दाखवून परवान्याचा अर्ज खुशाल करावा. तो मागण्यात कमीपणा नाही.

परवाना मिळाला तरी एक ध्यानात असावे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण तो गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी संरक्षण ठरत नाही.

त्या तरुणाने कट्टा घेतला नाही. त्याची तक्रार आम्ही चौघांनी बसून लिहिली, ठाण्यात दिली आणि पोच घेतली. आता परवान्याचा अर्ज तयार होतो आहे. ज्यांना अशा अर्जाची मदत हवी असेल, त्यांनी आपले कागद घेऊन रविवारच्या वंदनेनंतर विहारात यावे. कट्टा मात्र कोणीही आणू नये.