टर्मिनलवर ‘शिर्डी’

शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने एकापाठोपाठ पार पाडायच्या आज्ञांची साध्या मजकुरातील फाइल, आणि टर्मिनल म्हणजे त्या आज्ञा जेथे टंकल्या जातात व त्यांचे उत्तर जेथे उमटते ती खिडकी. एकच स्क्रिप्ट लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर चालवायची असेल, तर समोरचे टर्मिनल कोणते आहे याची चौकशी तिने आधी करणे भाग असते. ‘यूनेम’ ही आज्ञा प्रणालीचे नाव सांगते, मॅकवर ते ‘डार्विन’ असे येते. उत्तर पडद्यावर जात आहे की फाइलमध्ये, हे ‘टेस्ट’ या आज्ञेने कळते. ‘टर्म’ या चलात, म्हणजे शेलने (आज्ञा वाचून पार पाडणाऱ्या प्रोग्रामने) नावानिशी जपलेल्या नोंदीत, टर्मिनलचा प्रकार असतो आणि त्यावरून रंग उपलब्ध आहेत का ते शोधता येते. तर अक्षरांची सांकेतिक पद्धत ‘एलसी ऑल’, ‘एलसी सीटाइप’ आणि ‘लँग’ या चलांत याच क्रमाने पाहावी लागते.

मराठी मजकुराला मात्र एवढी चौकशी पुरत नाही. राहाता तालुक्यातील गावांची यादी रकान्यांत छापायची आहे असे समजू. ‘शिर्डी’ या नावात श, ऱ्हस्व इकार, र, हलन्त, ड आणि दीर्घ ईकार अशी सहा युनिकोड चिन्हे असून यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत प्रत्येकाला तीन, म्हणजे एकूण १८ बाइट लागतात. ‘लोणी’ला १२ लागतात. बॅश या शेलमधील ‘प्रिंटएफ’ आज्ञेला रकान्याची रुंदी २० दिली, तर ती सामान्यतः बाइट मोजते, त्यामुळे शिर्डीपुढे दोन आणि लोणीपुढे आठ मोकळ्या जागा सुटतात, आणि डोळ्यांना जवळपास सारखीच दिसणारी ही दोन नावे पुढचा रकाना वाकडा करून टाकतात. शिवाय इकार श च्या आधी आणि रफार ड च्या डोक्यावर नेऊन बसवणे हे टर्मिनलचे काम आहे, आणि लिनक्सच्या मूळ कन्सोलला ते जमत नाही. ‘लँग’मध्ये मराठी आणि यूटीएफ-८ लिहिलेले असले, तरी ती हमी फक्त बाइटांची असते, अक्षरांच्या जोडणीची नव्हे.

१९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’ हे भारतीय लिप्यांचे तंत्र पुढे नेले, तेव्हा ही जोडणी संगणकात बसवलेले कार्डच करत असे. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात प्रत्येक चिन्हाला एकच बाइट असल्याने ‘शिर्डी’ सहा बाइटांत मावत असे. अक्षरे जोडण्याचा भार पुढे कार्डावरून टर्मिनलच्या सॉफ्टवेअरवर आला, आणि प्रत्येक टर्मिनल तो आपापल्या परीने पेलू लागले.

म्हणूनच स्क्रिप्टने प्रणालीच्या नावावरून सगळे गृहीत धरू नये. एकेक क्षमता स्वतंत्रपणे तपासावी, मराठी नावाचा रकाना ओळीच्या शेवटी ठेवावा, म्हणजे रुंदी चुकली तरी पुढे बिघडण्यासारखे काही उरत नाही, आणि वापरकर्त्याने रोमन लिपी मागितली असेल, तर स्वतःच्या तर्कापेक्षा त्या मागणीला अग्रक्रम द्यावा.