महाविद्यालयीन खेळाडूंची निवड आणि क्रमवारीचा उपयोग : धार व देवासच्या संदर्भात

महाविद्यालयात येणाऱ्या खेळाडूची आधीच प्रतवारी लावण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. तेथे शालेय फुटबॉलपटूंना पाचपर्यंत तारे दिले जातात. पाच तारे मिळालेल्यांपैकी व्यावसायिक संघात पोहोचणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक असते. तेव्हा ही पद्धत निरर्थक म्हणता येत नाही. मात्र जोश ॲलन या शेतकरी कुटुंबातील मुलाला शाळा संपताना कोणत्याही मोठ्या विद्यापीठाने विचारले नव्हते. रीडली येथील कम्युनिटी कॉलेजमधून तो वायोमिंग विद्यापीठात गेला आणि २०१८ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत सातवा ठरला.

आपल्याकडे तारे नाहीत. प्रमाणपत्रे आणि क्रमवारी आहे. बॅडमिंटनच्या जागतिक क्रमवारीत ५२ आठवड्यांतील सर्वोत्तम १० स्पर्धांचे गुण धरले जातात. स्पर्धेला जाण्याइतका पैसा ज्याच्याकडे नाही, त्याचे कौशल्य या हिशेबात येतच नाही. खालच्या स्तरावरही हेच घडते. क्रमवारी खेळ मोजते, तशीच खेळण्याची संधीही मोजते, आणि दुसरी गोष्ट सहसा विसरली जाते.

धार या छोट्या शहराने सौरभ व समीर वर्मा हे बंधू आणि प्रियांशू राजावत असे आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनपटू दिले. २०२३ मध्ये प्रियांशूने फ्रान्समधील ऑर्लिन्स मास्टर्स स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याला मानांकनही नव्हते. पण तो लहानपणीच ग्वाल्हेरच्या व पुढे हैदराबादच्या प्रबोधिनीत गेला होता. अशी मुले लवकर बाहेर पडतात. महाविद्यालयाच्या दारी येतात ती बहुधा ज्यांचे मोजमाप कधी झालेच नाही अशी.

शिवाय धारची महाविद्यालये इंदूरच्या विद्यापीठाशी, तर देवासची उज्जैनच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. दोन्ही गावे इंदूरच्या जवळ. तरी विद्यापीठाच्या चाचण्या वेगळ्या. साहजिकच एका चाचणीतील क्रमांक दुसरीतील क्रमांकाशी ताडून पाहता येत नाही.

म्हणून प्रवेशाच्या वेळी क्रमांकाशेजारी आणखी तीन नोंदी असाव्यात : किती वर्षे शिक्षण मिळाले, वर्षभरात किती स्पर्धा खेळल्या, आणि कोणत्या वयात सुरुवात झाली. दोन वर्षांत चार स्पर्धा खेळून मागे असलेला आणि चाळीस खेळून तेवढाच मागे असलेला, हे दोघे सारखे नव्हेत. वर्षभरानंतर पुन्हा चाचणी घेणेही आवश्यक आहे, भूमिका बदलते. इंदूरचे मुश्ताक अली १९३४ मध्ये कोलकात्यात पहिली कसोटी खेळले ते मुख्यतः डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून. १९३६ मध्ये मँचेस्टरला ते सलामीला आले आणि त्यांनी ११२ धावा केल्या.