क्लोस्टरनॉयबुर्गची सोनेरी वेदी

व्हिएन्नानजीक डॅन्यूबच्या तीरी क्लोस्टरनॉयबुर्ग येथे ऑगस्टिनियन संप्रदायाचा जो प्राचीन मठ आहे, त्यातील संत लिओपोल्डच्या प्रार्थनामंदिरात वेदी म्हणून उभी असलेली ही कृती मुळात वेदी नव्हतीच. मठाधिपती वेर्नहेर यांच्या कारकीर्दीत वर्दूंचा सुवर्णकार निकोलस याने ११८१ साली ती पूर्ण केली, तेव्हा ज्या उच्चासनावरून धर्मग्रंथाचे वाचन होई त्याचे ते आवरण होते. आणि वाचल्या जाणाऱ्या मजकुरावरचे ते धातूत कोरलेले भाष्य होते, हे ध्यानी घेतल्यावाचून त्याची मांडणी उमगत नाही.

चित्रांच्या ओळी तीन. वरची मोशेच्या नियमशास्त्रापूर्वीच्या काळाची, खालची त्या नियमशास्त्राच्या अमलाची, आणि मधली ख्रिस्ताच्या कृपेच्या युगाची. कालक्रमाने शेवटी यावयाचे ते मध्यभागी बसविलेले असल्यामुळे हा पट डावीकडून उजवीकडे वाचला तर ख्रिस्तचरित्र तेवढे कळते. जुन्या प्रसंगांत ख्रिस्ताची पूर्वछाया पाहणारा सिद्धान्त कळतो तो उभे वाचल्यावर. ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या वर तांबड्या समुद्रातून पार होणारे इस्राएल लोक आहेत, खाली बारा बैलांच्या पाठीवर पेललेला शलमोनाच्या मंदिरातील गंगाळसागर. ख्रिस्ताला कबरेत ठेवतात त्या चित्राच्या वर खड्ड्यात टाकलेला योसेफ, खाली माशाच्या मुखी पडलेला योना. क्रुसाच्या वर अब्राहाम पुत्राचा बळी देण्यास सिद्ध झाला आहे आणि खाली दोन हेर कनान देशातील द्राक्षांचा अजस्र घड दांड्यावर टांगून आणीत आहेत: लाकडाला लोंबणारे फळ, त्याचा रस, म्हणून रक्त, म्हणून पवित्र द्राक्षारस! युक्तिवाद विलक्षण देखणा आहे; मात्र ज्या यहुदी समाजाचे ते मूळ ग्रंथ, त्याच्या इतिहासाला केवळ दुसऱ्याची पूर्वछाया ठरविण्याचा हक्क असा सिद्धान्त मांडणाऱ्या पंडितांना कोणी दिला, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. उजवीकडच्या शेवटच्या दोन स्तंभांत मात्र अंतिम न्यायाचा प्रसंग येतो, आणि तेथे युगांची ही त्रिविध वाटणीच संपुष्टात येते.

सोनेही येथे अर्थवाहकच आहे, जरी ते तांब्यावरचा मुलामा असले तरी. तांब्याच्या पत्र्यात खळगे कोरून त्यांत रंगीत काचेची भुकटी भरावयाची, भट्टीत वितळवावयाची, मग घासून सपाट करावयाची, अशी या मिनाकारीची रीत. म्यूज नदीकाठचे कारागीर पुष्कळदा आकृत्याच रंगांनी भरीत. निकोलसने आकृत्या धातूच्याच राखून त्यांच्या कोरीव रेषांत निळा मिना उतरविला आणि पाठीमागे गर्द निळाई पसरली. त्यामुळे माणसे प्रकाशाची घडलेली वाटतात, आणि तरीही ओल्या वस्त्रासारख्या चुण्यांआडून त्यांचे स्नायू, त्यांचा आवेश स्पष्ट जाणवतो. बाराव्या शतकातील इतर कोणाही मिनाकाराच्या हातून इतकी जिवंत शरीरे उतरली असतील असे मला वाटत नाही.

१३३० साली मठाला आग लागली; हे पत्रे द्राक्षारस ओतून वाचविले, अशी कथा सांगतात, आणि द्राक्षमळ्यांसाठी नावाजलेल्या मठाला ती शोभतेही. पुढच्याच वर्षी त्यांची पंखदार वेदी करण्यात आली आणि मूळच्या ४५ पत्र्यांत सहांची भर पडली. या सहांत जुन्या हाताची नक्कल आहे, त्याचा जोम नाही. पण क्रुसावरून ख्रिस्ताचे शव उतरविण्याच्या नव्या चित्रावर कोणीतरी झाडाचे फळ तोडणारी हव्वा योजिली आहे. ज्याने ती योजिली त्याला निकोलसची छिन्नी लाभली नसेल, त्याचे तर्कशास्त्र मात्र पुरते अवगत होते.