फायटरचा विसावा

काचेतलं तळं : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण पाण्याबद्दल बोललो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, अमोनिया, नवीन टाकी मुरायला लागणारे आठवडे. पाणी नीट झालं की पुढचा प्रश्न येतो मासा टेकणार कुठे, हा. नवीन टाकी लावताना या प्रश्नाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. रंगीत खडे येतात, किल्ला येतो, बुडबुडे सोडणारा शिंपला येतो. पण ज्याच्यासाठी हे सगळं मांडायचं, त्याला पाठ टेकायला जागा नसते. इतर माशांच्या बाबतीत हे एक वेळ चालून जातं. फायटरच्या बाबतीत चालत नाही. याचं कारण त्याच्या श्वासात आहे आणि त्याच्या शेपटीतही.

आधी श्वास. दुकानात ज्याला फायटर म्हणतात त्याचं शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० साली ते दिलं. त्याचं मूळ घर थायलंड. तिथे तो इतका जिव्हाळ्याचा आहे की २०१९ साली तिथल्या सरकारने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. मध्य थायलंडच्या सखल मैदानातली भातखाचरं, दलदली आणि संथ चर हा त्याचा मुलूख. तिथलं पाणी उथळ, कोमट आणि वनस्पतींनी गच्च भरलेलं. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून निसर्गाने या माशाला कल्ल्यांच्या जोडीला लॅबिरिंथ नावाचा आणखी एक अवयव दिला. डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला असलेल्या या घड्या-घड्यांच्या अवयवामुळे तो वर येऊन थेट हवा घेऊ शकतो. आपल्याकडची मरळही वेगळ्या अवयवाने का होईना, पण हवाच घेते, आणि म्हणून आटत चाललेल्या डबक्यात तगून राहते.

फायटर जागा असो की विसावलेला, थोड्या थोड्या वेळाने त्याला पाण्याच्या वरच्या थराशी यावं लागतं. त्याचं बाकीचं आयुष्यही याच थरात जातं. पाण्यावर पडलेले किडे आणि डासांच्या अळ्या तो इथेच टिपतो. नर आपलं बुडबुड्यांचं घरटं इथेच, एखाद्या तरंगत्या पानाच्या आडोशाला बांधतो.

आता शेपटी. रानातला फायटर आखूड परांचा, मातकट, चपळ मासा आहे. पिढ्यान्‌पिढ्या निवड करत माणसाने त्याचे पर वाढवले. हाफमून जातीची शेपटी पूर्ण पसरली की १८० अंशांचं अर्धवर्तुळ होतं. वेलटेलची शेपटी मागे लोंबत राहते. बघायला हे देखणं असतं, पण पाण्यात प्रत्येक हालचालीला हे पर अडतात. जेमतेम सहा सेंटिमीटरचा मासा एवढा पसारा ओढत हवेसाठी दिवसभर वर-खाली करतो. टाकी खोल असेल आणि टेकायची जागा फक्त तळाशी असेल, तर प्रत्येक श्वासाला त्याला पूर्ण उंची चढावी लागते. तो दमतो, मग तळाशी पडून राहतो. काही हाफमून तर स्वतःचीच शेपटी कुरतडतात.

म्हणून या लेखातला मुख्य नियम एकच: फायटरची विसाव्याची जागा पाण्याच्या पृष्ठभागाखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर हवी. तिथून तोंड किंचित वर केलं की श्वास मिळतो. बाकी सगळं या एका मापाभोवती मांडायचं.

टाकी निवडताना हेच माप लक्षात ठेवा. उंच आणि अरुंद टाकीपेक्षा बुटकी आणि पसरट टाकी चांगली. ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि २५ उंच टाकीत २० सेंटिमीटर पाणी भरलं की बरोबर २० लिटर होतं. एका फायटरला तेवढं पुरतं. वरची पाच सेंटिमीटर मोकळी ठेवून झाकण लावायचं. फायटर उडी मारतो, आणि झाकणाखालची उबदार हवाच तो घेत असतो.

आता प्रत्यक्ष जागा. सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे दुकानात मिळणारं रबरी चूषकाचं प्लास्टिकचं पान. काचेला चिकटवलं की काम झालं. पण विकत घेताना ते उलटंपालटं करून बघा. काही पानांच्या देठात धातूची तार असते आणि ती पाण्यात गंजते. असं पान नको. मग पानाची कड तपासा. घरातली जुनी शिफॉनची ओढणी घ्या आणि पानाच्या कडांवरून, देठावरून, खालच्या शिरेवरून अलगद ओढा. ओढणी कुठेही अडकली, एक धागा जरी निघाला, तरी तिथे माशाचा पर फाटणार हे नक्की. ती कड नेलकटरच्या कानशीने घासा आणि पुन्हा ओढणी फिरवा. टाकीत ठेवायच्या प्रत्येक शोभेच्या वस्तूला हीच परीक्षा लावा.

त्याहून चांगला पर्याय म्हणजे जिवंत झाड, आणि त्यातही अनुबियास. पश्चिम आफ्रिकेतली ही वनस्पती कमी उजेडात, खताशिवाय जगते. वाढते सावकाश. तिची पानं रुंद, जाड आणि ताठ असतात, त्यामुळे मासा टेकला तरी वाकत नाहीत. लावताना एकच काळजी घ्यायची. तिचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं तर ते कुजतं. टाकीसाठी मिळणाऱ्या लाकडाच्या तुकड्यावर खोड ठेवा, काळ्या सुती दोऱ्याचे चार-पाच वेढे सैलसर द्या आणि गाठ मारा. काही आठवड्यांत मुळं लाकडाला धरतात. मग दोरा सुटला तरी बिघडत नाही. लाकूड असं उभं करा की वरची दोन-तीन पानं त्या तीन ते पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात येतील.

तिसरा पर्याय मुंबईत आणि कोकणात रस्त्याकडेला पडलेला असतो. आपण ज्याला देशी बदाम म्हणतो, त्या झाडाची पानं लाल होऊन गळतात. फायटर पाळणारे थाई लोक हीच वाळकी पानं पाण्यात घालतात. त्यातलं टॅनिन पाण्याला चहासारखा रंग देतं आणि पाणी किंचित आम्लधर्मी करतं. फायटरला ते मानवतं. पान सुरुवातीला तरंगतं, तेव्हा मासा त्याच्या आडोशाला थांबतो. मग ते बुडतं आणि हळूहळू विरतं. वर्दळीच्या रस्त्यावरची किंवा फवारणी झालेल्या बागेतली पानं मात्र घेऊ नका. पूर्ण वाळलेलं, न किडलेलं पान घ्या, स्वच्छ धुवा. २० लिटरला एक मध्यम पान पुरे.

तळाशीही एखादा आडोसा असावा. नारळाची करवंटी त्यासाठी उत्तम. काथ्या आणि खोबरं पूर्ण खरवडून काढा, दोन-तीनदा पाणी बदलून उकळा, दाराएवढी खाच करा आणि कड गुळगुळीत घासा. पण करवंटी ही लपायची जागा आहे. वरच्या पानाला ती पर्याय नाही.

जागा केली तरी तिच्या आसपास काय आहे, हे बघावं लागतं. फिल्टरचा झोत पानावर येत असेल तर मासा तिथे टेकणार नाही. फायटरला स्पंज फिल्टर बरा. झोताचा फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज लावून वेग तोडा. पाणी खेचणाऱ्या नळीलाही स्पंज हवाच, नाहीतर लांब शेपटी तिथे खेचली जाते. हीटर आणि काच यांच्या फटीत शिरून झोपायची सवय अनेक फायटरना असते, आणि त्यात त्यांना चटका बसतो. हीटरला जाळीचं आवरण घाला आणि पान त्याच्यापासून दूर लावा. हीटर मात्र काढू नका. फायटरला २४ ते २८ अंश तापमान लागतं. पुण्या-नाशकात थंडीत पारा १०-१२ अंशांवर येतो, तेव्हा हीटर नसेल तर पानावर पडलेला मासा आराम करत नसतो, गारठलेला असतो.

आणि रात्री दिवा बंद. माशाला पापण्या नसतात, उजेड मिटून घ्यायची सोय त्याच्याकडे नाही. दिवसाला आठ ते दहा तास उजेड पुरे.

आता शांत झोपलेला फायटर कसा दिसतो ते बघू. रात्री दिवा बंद केल्यावर थोड्या वेळाने मंद उजेडात टाकीकडे बघा. मासा पानाच्या बेचक्यात अंग टाकून असेल, कधी सरळ, कधी कुशीवर कललेला. रंग दिवसापेक्षा फिका असेल. पर सैल सोडलेले, कल्ले संथपणे उघडमीट करणारे. मधेच तो उठतो, वर जाऊन हवेचा घोट घेतो आणि परत येऊन टेकतो. मासा मेला असं वाटून पहिल्यांदा पाहणारा माणूस काचेवर टकटक करतो. तसं करू नका.

विसावा आणि आजार यातला फरक ओळखता यायला हवा. विसावलेला मासा खाणं टाकलं की उठतो, तुमच्याकडे वळतो, पर पसरतो. आजारी मासा दिवसभर तळाशी राहतो, पर अंगाला आवळून धरतो, कल्ले जोरजोरात हलवतो, खाण्याकडे बघत नाही. अशा वेळी पान लावून काही होणार नाही. आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. मासा म्हातारा असेल किंवा त्याची शेपटी फाटली असेल, तर पाण्याची पातळी १२ ते १५ सेंटिमीटरवर आणा. हवेचं अंतर कमी झालं की त्याची दमछाक थांबते.

फायटर दुकानात ग्लासभर पाण्यात ठेवलेला दिसतो, म्हणून त्याला तेवढंच लागतं असा समज पसरला आहे. हवा घेता येते म्हणून तो त्या ग्लासात मरत नाही, एवढंच. चांगली देखभाल झाली तर तो दोन ते चार वर्षं जगतो, आणि ही सगळी वर्षं तुम्ही दिलेल्या जागेतच काढतो. तेव्हा मासा आणण्याआधी मुरलेली टाकी, झाकण, हीटर आणि पृष्ठभागालगतचं एक पान या चार गोष्टी घरात तयार ठेवा. त्या होईपर्यंत मासा आणू नका. ज्यांच्या घरी तो आधीच आहे, त्यांनी आजच पट्टी घेऊन त्याच्या टेकायच्या जागेपासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजावं. पाच सेंटिमीटरहून जास्त भरलं तर पान वर सरकवावं.